चेनसॉची निगा व दुरुस्ती

चेनसॉ म्हणजे दात्यांची साखळी फिरवून लाकूड कापणारी यांत्रिक करवत. हातात धरायच्या पेट्रोल चेनसॉला बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असते. अनेक ग्रासकटर आणि पाठीवरचे फवारणी पंप त्याच जातीचे, त्यामुळे एकाची दुरुस्ती जमली की बाकीची अवघड वाटत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत आडवी झालेली झाडे हटवताना हे यंत्र लोकांनी जवळून पाहिले. काम संपले की ते माळ्यावर जाते, तेही टाकीतल्या पेट्रोलसकट, आणि बहुतेक बिघाडांचे मूळ तिथेच असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतले पाणी ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉल त्याच्याबरोबर तळाशी बसते. त्या थरात ऑइल जवळपास नसते, आणि टाकीतला फिल्टर तर तळाशीच पडलेला! कार्बोरेटरमधला रबरी पडदाही कालांतराने कडक होतो. तो बदलला की ‘मेलेले’ यंत्र पुष्कळदा उठते.

क्रँक, बेअरिंग आणि पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टूटी (टू-स्ट्रोक इंजिनच्या) ऑइलमधूनच. आजच्या बहुतेक यंत्रांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल लागते. अनेक जुन्यांना २५:१, म्हणजे ४० मिली. ऑइल जास्त झाले तर कार्बन धरतो, कमी पडले तर पिस्टन सिलिंडरमध्ये पकडतो. कार्बन खरवडता येतो.

यंत्र खोलण्याआधी सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघावा. उभे ओरखडे दिसले तर खर्च मोठा. सिलिंडरला चिकटलेले ॲल्युमिनियम हायड्रोक्लोरिक ॲसिडने जपून काढता येते. आतला मुलामाच गेला असेल तर मात्र सिलिंडर बदलावा. पिस्टन स्वच्छ असेल तर आधी इंधनाची नळी, फिल्टर, कार्बोरेटर तपासावे. आयडलवर, म्हणजे रेस न देता, इंजिन आपोआप पळू लागले तर क्रँकच्या सीलमधून हवा शिरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसण्यात अर्थ नाही. त्यातला पूर्ण वेगाचे इंधन ठरवणारा ‘एच’ स्क्रू फार आवळला की इंधन कमी पडून यंत्र टिपेला वाजते, ऐकणारा खूश होतो आणि पिस्टन जळतो.

आजच्या साखळीचा दाता अमेरिकेतल्या जो कॉक्सने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून बेतला. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधले सरासरी अंतर) साखळीला बहुधा ४.८ मिमीची गोल कानस लागते. कोन साधारण ३० अंश, आणि प्रत्येक दात्यावर सारखेच हात. धारदार साखळी लाकडाचा कीस काढते. पिठासारखा भुसा पडू लागला की कानस हातात घ्यावी. धार लावताना साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टीही उलटून बसवावी, नाहीतर तिची एकच बाजू झिजते आणि काप तिरका जाऊ लागतो.