जपानी स्पोर्ट्स कारला कुठलं पेट्रोल? ९१ या आकड्यातली फसगत

जपानहून थेट आयात केलेल्या, नव्वदच्या दशकातल्या एखाद्या निसान स्कायलाइनच्या किंवा सुबारू इम्प्रेझाच्या पेट्रोल टाकीचं बाहेरचं झाकण उघडून पाहा. आतल्या बाजूला, कडा सुटत आलेला एक छोटा स्टिकर सापडतो. त्यावर जपानी लिपीत लिहिलेलं असतं ‘मुएन पुरेमियामु गासोरिन’, म्हणजे बिनशिशाचं प्रीमियम पेट्रोल. बहुतेक स्टिकरवर एवढंच. आकडा नाही.

जपानी माणसाला आकड्याची गरजच पडत नाही. तिथे पंपावर पेट्रोलचे दोनच प्रकार मिळतात: रेग्युलर आणि ‘हाय-ओकु’. हाय-ओकु हे हाय ऑक्टेनचं तिथलं बोलीतलं रूप. लाल नोझल रेग्युलरचं, पिवळं हाय-ओकुचं, हिरवं डिझेलचं. रंग पाहायचा आणि भरायचं. गाडी बोटीत चढून दुसऱ्या देशात उतरली की मात्र हा सोपा व्यवहार संपतो. नव्या मालकासमोर पंपावर ८७, ९१, ९३, ९५, ९८ असे आकडे येतात, आणि स्टिकर गप्प असतो.

या आकड्यांची गोष्ट नीट कळली नाही तर चांगलं इंजिन हकनाक जातं. म्हणून जरा मुळातून पाहू.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं मिश्रण पिस्टन दाबत नेतो, आणि ठरलेल्या क्षणी प्लगची ठिणगी ते पेटवते. एका झटक्यात सगळं पेटत नाही. ठिणगीपाशी ज्योत सुरू होते आणि सिलिंडरभर पसरत जाते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगात या सगळ्याला दीड-दोन मिलिसेकंद मिळतात. ज्योत पुढे सरकते तसं तिच्यासमोरचं न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. ज्योत तिथे पोचण्याआधीच ते आपणहून पेटलं, तर सगळं एकदम भडकतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटत मागेपुढे फिरू लागतात. यालाच नॉकिंग म्हणतात, म्हणजे इंजिनाचं ठोकणं. धातूच्या डब्यात खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो, तो या लाटांचा. स्कायलाइन जीटी-आरचं आरबी२६ आणि टोयोटा सुप्राचं २जेझेड या दोन्ही इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आहे. एवढ्या व्यासात या लाटेची कंपनं सेकंदाला साधारण साडेसहा हजार होतात, आणि ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर नेमका त्याच पट्ट्यातला आवाज ऐकायला कान लावून असतो.

जळणाऱ्या वायूचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही पिस्टन टिकतो, कारण त्याच्या माथ्याला चिकटून तुलनेने थंड वायूचा एक अगदी पातळ थर असतो आणि तो पांघरुणासारखं काम करतो. नॉकिंगच्या लाटा हे पांघरूण ओरबाडून काढतात. मग उष्णता थेट धातूत शिरते. ठोकून ठोकून गेलेला पिस्टन हातात घेतला तर त्याच्या कडेला वाळूचा फवारा मारल्यासारखे बारीक खड्डे दिसतात. दोन रिंगांच्या मधली अॅल्युमिनियमची अरुंद पट्टी कित्येकदा तुटून सुटी झालेली असते. ती तुटली की कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबून धरण्याची क्षमता, गेलं, आणि इंजिन खोलण्यावाचून मार्ग उरत नाही.

दाब आणि उष्णता सोसूनही आपणहून न पेटण्याची इंधनाची जी ताकद, तिचं माप म्हणजे ऑक्टेन अंक. ही पट्टी १९२०च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने सुचवली. पट्टीच्या एका टोकाला त्याने आयसोऑक्टेन ठेवलं, त्याला १०० गुण दिले. दुसऱ्या टोकाला नॉर्मल हेप्टेन, त्याला शून्य. हेप्टेनचा रेणू सरळ साखळीसारखा असतो, आणि तापल्यावर ऑक्सिजन त्याचे हायड्रोजन सहज ओढून काढतो. आयसोऑक्टेनचा रेणू फांद्या फुटलेला आणि आटोपशीर असतो, त्याला तोडणं अवघड. सुरुवातीच्या काळात शुद्ध हेप्टेन मिळवायचं ते जेफ्री पाइन या झाडाच्या डिंकातून. इंजिनांच्या जगातल्या इतक्या महत्त्वाच्या मोजपट्टीचा शून्य एका झाडाच्या खोडातून यावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, असं अजिबात नाही. १०० ऑक्टेनच्या आणि ९० ऑक्टेनच्या लिटरमध्ये ऊर्जा जवळपास सारखीच असते. फरक एवढाच की १००वालं जास्त दाब सोसतं. त्या सोसण्याचा फायदा घेणारं इंजिन असेल तरच पैसे वसूल होतात. माझदाच्या सुरुवातीच्या १.६ लिटर रोडस्टरला जपानमध्येही रेग्युलरच लागायचं. तिच्यात हाय-ओकु ओतून हाती काही लागत नाही.

आता खरी मेख. ऑक्टेन मोजायच्या पद्धती दोन आहेत. दोन्ही एकाच प्रकारच्या एक-सिलिंडरी इंजिनावर चालतात, आणि ते चालू असतानाच त्याचा सिलिंडर वरखाली करून कॉम्प्रेशन बदलता येतं. पहिली रिसर्च पद्धत: मिनिटाला ६०० फेऱ्या, मिश्रण त्यामानाने थंड. तिचा आकडा तो आरओएन. दुसरी मोटर पद्धत: ९०० फेऱ्या, आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. तिचा आकडा तो एमओएन. दुसरी परीक्षा कडक, म्हणून त्याच पेट्रोलला तिच्यात आठ-दहा गुण कमी पडतात.

युरोप, ऑस्ट्रेलिया इथल्या पंपांवर आरओएन लिहितात, आणि जपानचं मानकही आरओएनमध्येच असतं. अमेरिका आणि कॅनडा दोन्हींची सरासरी लिहितात, तिला एकेआय म्हणतात. म्हणजे ज्या पेट्रोलचा आरओएन ९८ आणि एमओएन ८८, ते युरोपात ९८ म्हणून विकलं जातं आणि अमेरिकेत ९३ म्हणून. पेट्रोल तेच. उलट अमेरिकेतलं ९१ हे तिथलं प्रीमियम, आरओएनमध्ये ते ९५-९६च्या घरात जातं. ऑस्ट्रेलियातलं ९१ मात्र आरओएन ९१च असतं, म्हणजे अमेरिकेतल्या ८७ इतकं, अगदी साधं. ‘माझी गाडी ९१वर मस्त पळते’ असं अमेरिकेतला मालक सांगतो, ऑस्ट्रेलियातला ऐकतो आणि सगळ्यात खालच्या दर्जाचं पेट्रोल टर्बो इंजिनात, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या इंजिनात, भरतो. दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नसतं. म्हणून आकडा ऐकला की आधी विचारायचं: आरओएन की एकेआय?

पुन्हा जपानकडे वळू. तिथल्या मानकानुसार रेग्युलरला किमान ८९ आरओएन लागतो आणि प्रीमियमला किमान ९६. प्रत्यक्षात रेग्युलर ९०च्या आसपास असतं आणि हाय-ओकु १००च्या जवळ. मधलं ९५ तिथे मिळतच नाही. युरोपात ९५वर चालणारी गाडी जपानमध्ये गेली की तिच्या मालकाला हाय-ओकुच भरावं लागतं. याचा जपानी इंजिनिअरांवर काय परिणाम झाला असेल, ते पाहा. देशातल्या ग्राहकासाठी गाडी बनवताना त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, ९० किंवा १००. स्पोर्ट्स कारसाठी त्यांनी १००ची वाट धरली आणि ती पुरेपूर वापरली. ठिणगी कधी पाडायची, किती बूस्टला (म्हणजे टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाला) किती पेट्रोल फवारायचं, याचे तक्ते ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात, त्या इंधनाच्या भरवशावर भरले. ही गाडी हाय-ओकुवर वाढलेली आहे. समुद्र ओलांडल्यावर ती सवय विसरत नाही.

होंडा एस२०००चं उदाहरण घ्या. १९९९ साली आलेल्या या गाडीच्या जपानी आवृत्तीत कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण कितीपट दाबलं जातं ते प्रमाण, ११.७ होता, निर्यातीच्या आवृत्तीत ११. नाव तेच, आकार तोच, पण आतलं इंजिन वेगळं. म्हणून दुसऱ्या देशासाठी छापलेलं त्याच मॉडेलचं माहितीपुस्तक जपानी आवृत्तीला लागू होईल असं धरून चालू नये. निर्यात मॉडेलला ९५ पुरतं, म्हणून थेट जपानहून आलेल्या भावंडालाही पुरेल, हा तर्क मला सगळ्यात घातक वाटतो.

टर्बो गाड्यांत तर धोका आणखी वाढतो. आरबी२६चा कॉम्प्रेशन रेशो ८.५, कागदावर अगदी सौम्य वाटतो. पण हवा आत शिरतानाच टर्बोने दाबलेली आणि तापवलेली असते, आणि इंटरकूलर तिला थंड करतो तो काही प्रमाणातच. उन्हाळ्यात, ट्रॅकवर, लागोपाठ फेऱ्या मारताना इंजिनाची ऑक्टेनची भूक वाढत जाते. सगळ्यात नाजूक प्रकरण माझदा आरएक्स-७चं. तिच्या रोटरी इंजिनात पिस्टन नसतात. त्रिकोणी रोटरच्या टोकांवर बसवलेल्या अरुंद सीलवर सगळा दाब पेललेला असतो. नॉकिंगचे मोजके जोरदार ठोकेही हे सील तोडू शकतात. पिस्टनचं इंजिन निदान थोडा वेळ देतं, टर्बो रोटरी तोही देत नाही.

नॉक सेन्सर आहे ना, मग काळजी कसली, असं पुष्कळ जण विचारतात. सेन्सर ठोका ऐकतो, ईसीयू ठिणगी थोडी उशिरा पाडतो, ताकद कमी होते, इंजिन वाचतं. दोन-तीन अंकांचा फरक तो सांभाळून नेतो. पण तो ऐकतो ते ठोका पडल्यावर, आधी नाही. शिवाय तीस वर्षांपूर्वीच्या ईसीयूला टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढायची मुभा मर्यादित असते, आणि इतकी वर्षं गरम ब्लॉकला चिकटलेला सेन्सर अजून नीट ऐकतो का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आपल्या कानावरही विसंबू नका. पूर्ण बूस्टवर एक्झॉस्टच्या गर्जनेत ठोका ऐकूच येत नाही. ट्यूनिंग करणारे लोक ब्लॉकला बोल्टने मायक्रोफोन बसवतात आणि हेडफोन लावून ऐकतात, ते यासाठीच. घरच्या घरी करता येण्यासारखं एकच आहे. प्लग काढून उजेडात धरा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके किंवा अॅल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर गाडी तिथेच थांबवा. ते कण पिस्टनचे आहेत.

मग भरायचं काय? मूळ अवस्थेतल्या, प्रीमियम मागणाऱ्या गाडीला ९८ आरओएन किंवा त्याहून वरचं मिळत असेल तर निश्चिंत राहा. १०० आणि ९८मधला फरक सुस्थितीतलं इंजिन सांभाळून घेतं. ९५च मिळत असेल तर टर्बो गाडी रीमॅप केल्याशिवाय, म्हणजे ईसीयूमधले तक्ते त्या पेट्रोलसाठी बदलून घेतल्याशिवाय, जोरात पळवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. कॅलिफोर्नियातल्या मालकांपुढे हाच पेच असतो. पंचवीस वर्षं जुनी झालेली परदेशी गाडी आणू देणाऱ्या नियमामुळे १९८९ची जीटी-आर २०१४पासून अमेरिकेत कायदेशीर आणता येऊ लागली, पण कॅलिफोर्नियाच्या पंपांवर साधारणपणे ९१ एकेआयच्या पुढे काही मिळत नाही. जाणकार मालक तिथल्या पेट्रोलवर गाडी पुन्हा ट्यून करून घेतात: टायमिंग थोडं मागे, बूस्ट थोडा कमी. काही घोडे कमी होतात, इंजिन राहतं.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवर माझा फारसा भरवसा नाही. ‘तीन पॉइंट वाढवा’ असं बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि एक पॉइंट म्हणजे पुष्कळदा अंकाचा दहावा भाग. तीन पॉइंट म्हणजे ९५चं ९५.३. ज्यांच्यात मँगनीजचं संयुग असतं, ते प्लगवर विटकरी रंगाचा थर सोडतात, आणि मग प्लग पाहून निदान करणंही कठीण होतं.

इथेनॉल हे वेगळं प्रकरण. त्याचा आरओएन १०८च्या आसपास, शिवाय बाष्प होताना ते पुष्कळ उष्णता शोषून मिश्रण थंड करतं. नॉकिंगच्या दृष्टीने हे इंधन उत्तमच. पण नव्वदच्या दशकातले रबरी पाइप आणि सील इथेनॉलचा विचार करून बनवलेले असतीलच असं नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं, तर सुपर दर्जाच्या पेट्रोलमध्ये सहसा पाच टक्क्यांपर्यंतच असतं. जुन्या जपानी गाडीसाठी सुपर निवडण्याचं हे आणखी एक कारण. पाइप बदललेले नसतील तर त्यांच्या वळणांवर बोट फिरवून पाहा. भेगा किंवा चिकटपणा जाणवला तर आधी ते बदला.

आणि चुकून साधं पेट्रोल भरलं गेलंच, तर घाबरून टाकी उपसायला धावू नका. अॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवा, बूस्ट चढू देऊ नका, चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटू नका. जागा होईल तशी वरच्या दर्जाच्या पेट्रोलची भर घाला. मिश्रणाचा अंक ढोबळमानाने प्रमाणात वाढतो: अर्धी टाकी ९१ आणि अर्धी ९८, तर हिशेब साडेचौऱ्याण्णवच्या आसपास. त्या भरलेल्या टाकीतलं निम्मं पेट्रोल वापरून पुन्हा ९८ने टाकी भरली की आकडा ९६च्या वर जातो. आणखी एकदा तसंच केलं की ९७ ओलांडतो, आणि मग पाय मोकळा करायला हरकत नाही.