टणक जमिनीवर जंगल कसं उगवेल? अ‍ॅपलाचियामधल्या कोळसा खाणींची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत उघड्या खाणींतून कोळसा काढायची जुनी रीत साधी आणि निर्दय होती. डोंगराच्या कडेचा थर उघडा करायचा आणि वरची दगडमाती खालच्या उतारावर लोटून मोकळं व्हायचं. पावसात ती घसरायची. दगडातल्या पायराइटला (गंधक असलेलं लोखंडाचं खनिज) हवापाणी लागलं की आम्ल झिरपायचं आणि ओढ्यांचे तळ नारिंगी व्हायचे. वेस्ट व्हर्जिनियाने 1939 सालीच यासाठी कायदा केला होता, पण राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे होते आणि अंमलबजावणी ढिली होती. तरीही त्या काळात ढिगाऱ्यांवर लावलेली काही झाडं जोमाने वाढली. असं का झालं, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आलं.

26 फेब्रुवारी 1972 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात कोळसा खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि 125 माणसं गेली. आधीपासून धुमसणाऱ्या संतापात याची भर पडली. 3 ऑगस्ट 1977 रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी उघड्या खाणींसाठीच्या देशव्यापी कायद्यावर सही केली. डोंगराला जवळपास मूळचा आकार द्यायचा, उतार पक्का करायचा, त्यावर हिरवळ आणायची आणि हे सगळं होईपर्यंत कंपनीची अनामत अडकून राहणार, असा तो कायदा. त्याने दरडी आणि गढूळ ओढे यांना मोठा आळा बसला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

पण पुढे जे झालं ते मनाला लागतं. उतार घसरू नये या धास्तीने बुलडोझर तीच माती पुन्हा पुन्हा दाबत राहिले, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. लवकर हिरवं दिसावं म्हणून वर टॉल फेस्क्यू हे उंच गवत आणि लेस्पेडेझा ही शेंगवर्गीय वनस्पती दाट पेरली. लांबून डोंगर छान दिसायचा. जवळ जाऊन पहार मारली की ठणकन वाजायची. रोपाची मुळं खाली शिरायला जागाच नसल्यामुळे खड्ड्यातच वळून राहायची, पावसाचं पाणी न मुरता वाहून जायचं आणि उरलेला ओलावा गवत ओढून घ्यायचं. एवढं करून जगलेल्या रोपांच्या साली गवतात दडलेले उंदीर कुरतडायचे. खाणीच्या जमिनीत झाड होतच नाही, असा समज पक्का झाला. कागदोपत्री गवताळ कुरण दाखवणं कंपन्यांना सोपं आणि स्वस्त पडू लागलं. पूर्वी दाट ओकचं जंगल असलेल्या डोंगरांवर अशी कुरणं पसरली आणि पुष्कळ ठिकाणी त्यांवर कधी गुरंही चरली नाहीत.

व्हर्जिनिया टेक आणि केंटकी या विद्यापीठांतल्या संशोधकांनी हा समज खोडून काढला. 1990च्या दशकात केंटकीतल्या स्टारफायर खाणीवर दाबलेली आणि सैल सोडलेली जमीन शेजारीशेजारी ठेवून लागवड केली गेली. सैल जमिनीतली झाडं स्पष्टपणे सरस ठरली. जुन्या ढिगाऱ्यांचं गुपित हेच होतं: त्यांच्यावरून कोणी बुलडोझर फिरवले नव्हते.

2004 मध्ये सात राज्यं आणि केंद्रीय खाण विभाग यांनी मिळून जमीन सैल ठेवून जंगल लावायच्या पद्धतीचा प्रसार हाती घेतला. तिच्या गोष्टी पाच. मुळांसाठी किमान चार फूट चांगली माती, शक्यतो हवापाण्याने मुरलेला तपकिरी वालुकाश्म. वरचा थर भुसभुशीत. गवत विरळ आणि कमी उंचीचं. झाडं दोन प्रकारची, एक लवकर वाढून जमीन सावरणारी आणि दुसरी ओकसारखी मोलाची. पाचवी गोष्ट म्हणजे नीट केलेली लागवड. यात एकही नवं यंत्र नाही. सगळ्यात कठीण गेलं ते निरीक्षकांना आणि कंत्राटदारांना खडबडीत उतार चालतो हे पटवणं; खरं तर कायद्याने गुळगुळीतपणा कधी मागितलाच नव्हता.

आधीच घट्ट झालेल्या जमिनींचं काय? 2009 पासून ‘ग्रीन फॉरेस्ट्स वर्क’ ही संस्था अशा जमिनींवर पुन्हा जंगल उभं करायचं काम करते. बुलडोझरच्या मागे लांब पोलादी दात लावून जमीन खोलवर फाडतात, मोठाले दगड वर येतात, आणि त्या उखळलेल्या मातीत स्वयंसेवक रोपं लावतात. पेनसिल्व्हेनियात फ्लाइट 93च्या (11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात अपहरण होऊन कोसळलेलं विमान) स्मारकाभोवतीची जमीनही जुन्या खाणीचीच. तिथेही अशीच लागवड झाली. विसाव्या शतकात बुरशीने जवळपास संपवलेल्या अमेरिकन चेस्टनट या झाडाची रोग सोसू शकतील अशी रोपंही आता याच फाडलेल्या मातीत लावून पाहिली जातात.