पुढच्या दहा वर्षांचा पट आम्ही कसा मांडतो
(शाळा आणि आयटीआय चालवणाऱ्या संस्थांसाठी)

संचमान्यता, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवणारी सरकारी मंजुरी, हातात पडली की कुठले शिक्षक अतिरिक्त ठरले ते कळतं. तोवर करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. आमचं काम त्याआधीचं: तुमच्या संस्थेचा पट, म्हणजे विद्यार्थिसंख्या, पुढे कसा सरकेल याचं गणिती मॉडेल बांधून देणं.

यंदा चौथीत असलेली बहुतेक मुलं पाचवीत जातात. काही दाखला काढून नेतात, काही नुसतीच यायची थांबतात, बाहेरूनही काही येतात. जुन्या नोंदींवरून प्रत्येक वर्गाचं हे प्रमाण काढायचं आणि पट एकेक वर्ष पुढे न्यायचा. दर वर्षी 100 पैकी 97 मुलं टिकली, तर पहिलीतल्या 100 पैकी दहावीत 76 उरतात. 99 टिकली तर 91. वर्षाला दोन मुलांचा फरक शेवटी पंधरावर जातो! शिवाय पाच वर्षांनी पहिलीत बसणारी मुलं आजच जन्मलेली आहेत, म्हणून ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींचे आकडेही आम्ही मागतो.

शिक्षकसंख्या मात्र पायरीपायरीने बदलते. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 झाली की 3, 91 झाली की 4. पट साठीच्या आसपास घुटमळत असेल तर एकदोन दाखल्यांवर एक पद अवलंबून असतं. अशी वर्षं मॉडेल आधीच दाखवतं. संचमान्यतेचे निकष शासन निर्णयांनी बदलतात, त्यामुळे ते वेगळ्या रकान्यात असतात. नवा निर्णय आला की तुम्हीच आकडा बदलायचा.

वस्तीवरच्या पंधरा मुलांच्या शाळेला हे लावू नका. दोन कुटुंबं ऊसतोडीला गेली की टक्केवारीला अर्थ उरत नाही. तिथे नावानिशी यादी करा, आमची फी वाचवा.

आयटीआयवाले विचारतात, दहा वर्षांनी कुठला ट्रेड चालेल? ते आम्ही सांगत नाही. 1960च्या दशकात ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रीस, इटली, स्पेन, पोर्तुगाल, तुर्कस्तान आणि युगोस्लाव्हियासाठी मनुष्यबळाचे असे दूरचे अंदाज बांधले होते. त्या पद्धतीवर पुढे भरपूर टीका झाली. आपल्याकडे शिक्षक घडवणारी डी.एड. कॉलेजं भराभर निघाली आणि पुढे ओस पडली, ते तुम्ही पाहिलंच आहे. ट्रेडबद्दल एका बॅचपुरतंच बोलू.

सुरुवातीला पाच वर्षांची यू-डायस माहिती (शाळा दरवर्षी सरकारला भरून देते ती), जनरल रजिस्टर (प्रवेश आणि दाखल्यांची नोंदवही) आणि निवृत्तीच्या तारखांसह शिक्षकांची यादी लागेल. मुलांची नावं नकोत, वर्गवार आकडे पुरेत.