बळी दिल्याचा दाखला : इ.स. 250

‘वय 72, उजव्या भुवईवर व्रण.’ इजिप्तच्या फयूम भागातल्या ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या गावकऱ्याची ही ओळख पपायरसच्या एका तुकड्यावर लिहिलेली आहे. तारीख 26 जून 250. असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत, बरेचसे थिअडेल्फिया या एकाच गावचे.

हे दाखले निघाले रोमन सम्राट डेशियसच्या फर्मानामुळे : प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. त्याआधी ख्रिस्ती लोकांबाबतची रीत निराळी होती. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनिया या रोमन प्रांताचा राज्यपाल प्लिनी याने सम्राट ट्रेजनला विचारलं होतं, या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? उत्तर आलं : शोधत फिरू नका, निनावी तक्रार घेऊ नका, आरोप शाबीत झाला तर शिक्षा करा, पण आपल्या देवांची पूजा करून दाखवेल त्याला सोडा. म्हणजे कुणी उघडपणे तक्रार करेपर्यंत माणूस बहुधा निर्धास्त. डेशियसने हे उलटं केलं. आता ज्याने त्याने स्वतःच पुरावा द्यायचा.

अर्जाचा मसुदा ठरलेला. वर गावच्या बळी-समितीचं नाव, मग अर्जदाराचं नाव, बापाचं नाव, गाव, वय, अंगावरची खूण. पुढे मजकूर असा : मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आता फर्मानानुसार तुमच्यासमोर बळी दिला, मद्य वाहिलं, बळीचं मांस चाखलं, तसं खाली लिहून द्यावं. त्याखाली ‘तुला बळी देताना पाहिलं’ हा शेरा. ख्रिस्ती माणसाची खरी अडचण त्या ‘नेहमीच’मध्ये होती, मागचं सगळं आयुष्यच त्यात नाकारलं जाई. ‘ख्रिस्ती’ हा शब्द मात्र कुठेच नाही. पेटेसूखोस या मगरदेवाच्या पुजारणीनेही असा दाखला घेतला होता!

घोळ झाला तो अंमलबजावणीत. पैसे चारून बळी न देताच दाखला मिळू लागला. डेशियस 251 मध्ये गॉथ टोळ्यांशी लढताना पडला, आणि फर्मानापुढे झुकलेल्या ख्रिस्ती लोकांचं काय करायचं, हे निस्तरण्याचं काम चर्चवर आलं. बळी दिलेले, नुसता धूप जाळलेले, फक्त दाखला घेतलेले, असे दोषांचे प्रकार पडले. त्यातच तुरुंगात टिकून राहिलेले ख्रिस्ती या झुकलेल्यांना माफीच्या चिठ्ठ्या देऊ लागले. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन वैतागला तो त्यातल्या ‘अमुक, आपल्या माणसांसह’ अशा मोघम मजकुरावर : एका चिठ्ठीवर वीस-तीस जण आले तर?