रोजचा बॅकअप तारखेनुसार: आरसिंक आणि हार्ड लिंक

ठाण्यातल्या नौपाड्यात तळमजल्यावर एका सीएचे ऑफिस आहे, लिनक्स सर्व्हरवर 200 जीबी डेटा आहे आणि रोज रात्री त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते, असे धरू. सोमवारी चुकून पुसलेली फाइल बुधवारी शोधली तर डिस्कवरही नसते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 1996 साली आणलेली आरसिंक ही फाइली कॉपी करणारी कमांड ‘डिलीट’ पर्याय लावून चालवली, की मूळ डेटातून गेलेले प्रतीतूनही जाते. अशा प्रतीला बॅकअप म्हणूच नये.

उपाय त्याच कमांडमध्ये आहे: ‘लिंक-डेस्ट’. रोज तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करायचा आणि या पर्यायाला कालच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. आरसिंक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ ताडून पाहते. हे जुळले, परवानग्या व मालकीही तीच असली, तर ती कॉपी न करता कालच्या फाइलला हार्ड लिंक करते: डिस्कवर मजकूर एकदाच, नावे दोन. शेवटचे नाव पुसेपर्यंत मजकूर राहतो, म्हणून जुनी तारीख बिनधास्त काढता येते. रोज 1 जीबीच्या फाइली बदलत असतील, तर 30 दिवसांच्या प्रती सुमारे 230 जीबीत मावतात आणि कुठलीही तारीख उघडली तरी सगळे जागच्या जागी दिसते.

घोळ बहुतेकदा पत्त्यात होतो. लिंक-डेस्टचा पत्ता रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, पूर्ण लिहावा. अर्धवट पत्ता नव्या फोल्डरपासून मोजला जातो. तो सापडला नाही तर आरसिंक नुसता इशारा देते आणि सगळे 200 जीबी पुन्हा उतरवते. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिली तर फक्त आतला ऐवज जातो, नाही तर फोल्डरसकट. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर हार्ड लिंक होतच नाहीत. ती लिनक्सच्या एक्स्ट4 पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावी. पहिल्यांदा ‘ड्राय-रन’ लावून काय होणार ते पाहावे. चालू डेटाबेसची फाइल तशीच उचलू नये, आधी डंप, म्हणजे त्यातला डेटा वेगळ्या फाइलीत उतरवून, काढावा. दहा जीबीच्या एकाच फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ती अख्खी पुन्हा साठते. अशा फाइली जास्त असतील तर बोर्ग किंवा रेस्टिक हे फाइली तुकड्यांत साठवणारे बॅकअप प्रोग्रॅम बरे.

न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते, तेव्हा तिथला सेक्टर बिघडला की साऱ्या तारखांतून ती गेली. शिवाय ठाण्यातला पावसाळा आणि तळमजला! दुसरी प्रत खाडीपलीकडे, ऐरोलीत हवीच. एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून पाठवताना आरसिंक फाइलचे तुकडे पाडून त्यांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले छोटे आकडे) जुळवते आणि न जुळलेला भागच पाठवते; एकाच मशीनमधल्या दोन डिस्कमध्ये मात्र पूर्ण फाइल कॉपी करते. ऐरोलीच्या मशीननेच प्रत ओढून घ्यावी. सर्व्हरला तिथला पासवर्ड ठाऊक नसला, की सर्व्हरवर शिरलेल्या, फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचा हात तिथल्या जुन्या तारखांपर्यंत पोचत नाही.

सकाळी एक्झिट कोड, म्हणजे आरसिंक संपताना देते तो आकडा, पाहावा. 0 म्हणजे ठीक, 24 म्हणजे कॉपी चालू असताना काही फाइली नाहीशा झाल्या, 23 म्हणजे काही फाइली गेल्याच नाहीत. तेव्हा लॉगमधली नावे वाचून त्यांच्या परवानग्या तपासाव्यात.