रेकॉर्डिंग कुणाचं, मास्टरिंग कुणाचं?

नवे स्पीकर घरी आले की माणूस चार जाणकारांना विचारतो, "यांच्यावर वाजवायला जबरदस्त रेकॉर्डिंगचं काहीतरी सुचवा." जाणकार अल्बमची नावं देतात. हा घेतो, लावतो, आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. मग अँप बदलण्याचे सल्ले सुरू होतात आणि गाडी केबलींवर येऊन थांबते. खरं तर पुष्कळदा एवढंच झालेलं असतं, की जाणकाराकडे १९८५ च्या आसपासची सीडी असते आणि याने त्याच अल्बमची 'रिमास्टर्ड' आवृत्ती आणलेली असते. रेकॉर्डिंग तेच, मास्टरिंग निराळं.

रेकॉर्डिंग म्हणजे गाणं-वाजवणं घडत असताना जे टिपलं गेलं ते. खोली कशी होती, माइक तबल्यापासून किती लांब होता, तानपुरा गायिकेच्या मागे होता की बाजूला, सगळे एकत्र वाजवत होते की एकेकाने येऊन आपापला ट्रॅक भरला. मल्टिट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतलेलं असेल तर पुढे मिक्सिंग येतं, म्हणजे त्या सगळ्या ट्रॅकमधून डावा आणि उजवा असे दोनच उरतात. मास्टरिंग सुरू होतं ते यानंतर. तयार मिक्सवरचा तो शेवटचा हात असतो: एकूण टोन, एका गाण्याचा दुसऱ्याशी आवाजात मेळ, दोन गाण्यांमधलं अंतर, सगळं मिळून किती जोरात वाजावं, आणि एलपीची तबकडी असेल तर खाच कापताना येणाऱ्या मर्यादा. एलपीवर खोल खर्ज डाव्या-उजव्यात फार विभागता येत नाही, 'स'कार टोकदार ठेवता येत नाहीत आणि एक बाजू वीस-बावीस मिनिटांपलीकडे ताणली की आवाज खाली आणावा लागतो. सीडीला यातलं काहीच लागू नाही. म्हणून एकाच टेपचं दोन माध्यमांसाठी दोनदा मास्टरिंग होतं.

मास्टरिंगवाल्याच्या हातात सहसा फक्त ते दोन ट्रॅक असतात. डग्गा वाढवायला गेला तर तानपुऱ्याचा खर्जही सोबत वाढतो. जोरामुळे गायकाचा आवाज माइकमध्ये फाटला असेल तर तो सांधता येत नाही. म्हणून संग्रहासाठी मी एक हिशेब धरून चालतो: आवाज किती चांगला होऊ शकतो हे रेकॉर्डिंगने ठरून गेलेलं असतं, आणि मास्टरिंग आपल्याला तिथपर्यंत पोचवतं किंवा अलीकडेच सोडून देतं.

निखळ रेकॉर्डिंग ऐकायचं असेल तर मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' घ्या. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे, एका चॅपेलमध्ये तो टिपला गेला. वॉटर लिली अकूस्टिक्स या रेकॉर्ड कंपनीचे कविचंद्रन अलेक्झांडर यांची पद्धत अशी, की दोन माइक एकमेकांशी काटकोनात लावायचे आणि आवाज थेट दोन ट्रॅकच्या अॅनालॉग टेपवर घ्यायचा. त्यामुळे नंतर मिक्स करण्यासारखं काही उरतच नाही. तोल साधायचा तो वादकांना पुढे-मागे बसवून. मोहनवीणेची तार छेडली की तिचा नाद वास्तूत पसरून कसा विरतो, तबला किती मागे बसला आहे, हे साध्या सिस्टिमवरही कळतं. अल्बमला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, पण ते बाजूला ठेवा. इथे मास्टरिंगने केलेलं उत्तम काम म्हणजे फारसं काही न करणं.

याच्या उलट बाजूला जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. न्यूयॉर्कमधला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा ३० व्या रस्त्यावरचा स्टुडिओ मुळात चर्च होता. मार्च आणि एप्रिल १९५९ मध्ये तिथे हा अल्बम तीन ट्रॅकच्या टेपवर घेतला गेला. आजही तो ऐकताना खोलीची उंची जाणवते. मात्र मार्चच्या सत्रात एक टेपमशीन किंचित हळू चालत होतं. त्यावरची टेप पुढे योग्य वेगाने वाजवली की सूर किंचित चढतो. परिणामी एलपीच्या पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे तीसेक वर्षं जगभर चढ्या सुरात वाजत राहिले. त्याच वेळी दुसऱ्या मशीनवर घेतलेली राखीव टेप योग्य वेगाची होती. १९९० च्या दशकात ती वापरून नव्या आवृत्त्या निघाल्या. पेटी घेऊन सोबत वाजवायला बसणाऱ्याला हा फरक लगेच कळेल. म्हणजे या अल्बमची नुसती शिफारस पुरत नाही, कोणती आवृत्ती तेही सांगावं लागतं. जुन्या प्रेसिंगसाठी, म्हणजे त्या काळी छापलेल्या तबकडीसाठी, वाट्टेल ते मोजणारे लोक चढ्या सुराचीही किंमत मोजतात, त्यांचा छंद त्यांना लखलाभ.

आता आवाजाच्या जोराकडे. डिजिटलमध्ये एक छत असतं, त्याच्यावर आवाज जाऊच शकत नाही. गाणं रेडिओवर दुसऱ्यापेक्षा जोरात वाजावं म्हणून १९९० च्या दशकापासून सीडी अशा बनू लागल्या, की सगळंच वर उचलायचं आणि छताला लागतील ती टोकं लिमिटरने छाटायची. छाटली जातात ती नेमकी थापेची टोकं. तबल्याच्या किनारीवरचा 'ना' कडक न लागता थप्पकन लागतो, ड्रमचा दणका उरतो पण धक्का जातो, हळू आणि जोरात यांतलं अंतर मिटतं आणि पाऊण तासात कान शिणतात. सीडीला सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला आहे. त्यातला एवढासा वापरायचा, ही करणी माध्यमाची नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक'. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्येही आली आणि तिथे ती मोकळी, कमी चिरडलेली वाजत होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बोभाटा केला. मला यात रस आहे तो पुढच्या गोष्टीमुळे. सगळ्यांनी मास्टरिंग इंजिनिअर टेड जेन्सन यांना धरलं, आणि त्यांनी सांगितलं, की मिक्स त्यांच्या हाती आला तेव्हाच दाबलेला होता. सूज्ञांनी इथे एक खूणगाठ बांधावी: सीडी कर्कश असली म्हणजे दोष मास्टरिंगचाच, असं नाही. आणि दोष मिक्समध्ये असेल तर दहा रिमास्टर काढूनही तो जात नाही, रिमिक्स करावं लागतं. कॅनडाच्या रश या बँडने २००२ चा 'व्हेपर ट्रेल्स' २०१३ मध्ये पुन्हा मिक्स करून काढला तो याचसाठी.

एमपीथ्रीमधलं कॉम्प्रेशन हे निराळं. तिथे फाइल लहान होते, आवाजातले चढउतार चिरडले जात नाहीत. मोकळ्या मास्टरिंगची चांगली एमपीथ्री ही चिरडलेल्या मास्टरिंगच्या २४-बिट, १९२ किलोहर्ट्झ फाइलपेक्षा मला केव्हाही चालेल. अशा फाइलींवरचा 'हाय-रेझ' (हाय रेझोल्यूशन) हा शिक्का डब्याचं माप सांगतो, आतल्या मालाबद्दल काही सांगत नाही.

आपल्याकडे या सगळ्याला आणखी एक पदर आहे. जुनी हिंदी चित्रपटगीतं मोनो, म्हणजे डावं-उजवं न विभागता एकाच ट्रॅकवरची आहेत, म्हणून ती 'वाईट रेकॉर्ड केलेली' असं हाय-फायवाले सर्रास म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये मीनू कात्रकांसारखे ध्वनिमुद्रक अख्खा वाद्यवृंद आणि गायिका एकाच वेळी, मोजक्या माइकवर तोलत होते. चुकलं तर सगळ्यांनी पहिल्यापासून. चांगल्या प्रतीवर त्या मोनोमध्येही व्हायोलिनच्या रांगा गायिकेच्या मागे खोलवर उभ्या दिसतात. वाट लागली ती पुढे. कॅसेटच्या काळात त्याच गाण्यांवर इलेक्ट्रॉनिक ठेके चढवून 'झंकार बीट्स' निघाले. काही ठिकाणी मोनोला ओढूनताणून स्टिरिओ केलं गेलं, एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला टीप. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून केलेल्या काही सीडींत खरखर काढण्याच्या नादात तानपुऱ्याच्या तारेची गुंजणारी जवारीच पुसली गेली आहे. आवाज स्वच्छ येतो, पण गायक उशीत तोंड खुपसून गातो आहे असं वाटतं. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांसाठी मी तरी थोडी खरखर राहू दिलेली आवृत्तीच निवडतो. कान दोन मिनिटांत खरखरीकडे दुर्लक्ष करायला शिकतो, हरवलेली टीप मात्र त्याला भरून काढता येत नाही.

मग घेताना बघायचं काय? रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ, ध्वनिमुद्रक, साल. मास्टरिंगसाठी कॅटलॉग क्रमांक, त्या आवृत्तीचं साल आणि मास्टरिंग करणाऱ्याचं नाव. एलपीवर लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेली अक्षरं बघा. तिथे 'आरएल' दिसलं तर ती बहुधा नामांकित मास्टरिंग इंजिनिअर बॉब लुडविग यांनी कापलेली असते. डायनॅमिक रेंजचे, म्हणजे हळू आणि जोरात यांतल्या अंतराचे आकडे मिळतात, तेही पाहा; आकडा मोठा तितकी आवृत्ती मोकळी. त्याच अल्बमच्या एका सीडीला १३ आणि दुसरीला ६ असेल तर निवड सोपी आहे. मात्र एलपीचा आकडा सीडीशी ताडू नका. तेच दाबलेलं मास्टर एलपीवर कापलं तरी मोजणीत आकडा फुगतो. जाहिरातीतल्या शब्दांवर तर मुळीच जाऊ नका. अॅनालॉग म्हणून नावाजलेल्या मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या एलपींमध्ये डिजिटल पायरी वापरली जाते, हे २०२२ मध्ये उघड झालं. तोवर भलेभले कानसेन त्याच तबकड्या वाखाणत होते.

दोन आवृत्त्या ताडताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जरा जोरात वाजणारी आवृत्ती कानाला आधी सरसच वाटते, रिमास्टरचा निम्मा खप त्यावरच चालतो असा माझा संशय आहे. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं हे माप) आणून वाजवण्याची सोय असते. ती चालू ठेवली की चिरडलेली आवृत्ती जोराच्या आडोशाशिवाय उघडी पडते.

जुन्या सीडी आज मातीमोल भावात मिळतात, मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चाळायला बसलात तर नशीब उघडतंही. लिमिटरचा सोस वाढण्याआधीच्या, १९९० च्या अलीकडच्या-पलीकडच्या सीडी पहिल्या उचला. पण 'जुनी म्हणजे चांगली' हाही नियम नव्हे. सुरुवातीच्या काही सीडी एलपी कापण्यासाठी टोन बदलून ठेवलेल्या टेपवरून काढल्या गेल्या आणि त्या पातळ, खर्जहीन वाजतात. सीडीवरचे ओरखडे एक वेळ चालतील, पुस्तिका मात्र आत आहे का ते बघा. ध्वनिमुद्रकाचं आणि मास्टरिंगवाल्याचं नाव असलंच तर तिच्या शेवटच्या पानावर, सगळ्यात बारीक अक्षरात असतं.