‘स्वतःच्या जबाबदारीवर’: विदर्भातल्या वॉर्डांमधून अर्ध्यावर उठून जाणारे रुग्ण

केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या जातात. ‘मी माझ्या रुग्णास डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहे. काही बरेवाईट झाल्यास दवाखाना जबाबदार राहणार नाही.’ मजकूर सिस्टर सांगतात, नातेवाईक लिहितो. लिहिता येत नसेल तर सिस्टरच लिहितात, खाली अंगठा उमटतो आणि शाई पुसायला कापसाचा बोळा मिळतो. अशा सुट्टीला दवाखान्यात ‘डामा’ किंवा ‘लामा’ (डिस्चार्ज किंवा लीव्ह अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाइस, म्हणजे सल्ल्याविरुद्ध जाणं) म्हणतात. कागद न करताच पेशंट रात्रीतून गेला, तर रजिस्टरमध्ये ‘अबस्कॉंड’, म्हणजे पळाला.

हा कागद तसा अलीकडचा. उठून जाणं फार जुनं. इंग्रजी अमलात दवाखान्याला सक्तीचा वास होता. प्लेगच्या वेळी 1897 साली साथरोग कायदा आला आणि माणसाला घरातून उचलून नेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. लगेच 1898 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी कायदा झाला. भीक मागणाऱ्या रोग्याला धरून आश्रमात डांबायचं, पळाला तर पुन्हा धरून आणायचं. वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं तेव्हाही हा कायदा पुस्तकात होताच. केंद्राने तो रद्द केला 2016 मध्ये. दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत निव्वळ अडाणीपणातून आली असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

सही-अंगठ्याला वजन आलं ते ग्राहक कायद्यामुळे. कायदा 1986 चा. डॉक्टरची पैसे घेऊन केलेली सेवा त्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केलं आणि खासगी दवाखान्यांत कागद वाढले. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारे दवाखाने त्या निकालातून बाहेर होते, पण कागदाची सवय तिथेही लागली.

जाणारा का जातो, ते त्या चार ओळींत कुठेच नसतं. ते वॉर्डातल्या बोलण्यात असतं. ‘पराटीत कापूस फुटून पडला, वेचाले माणूस नाही.’ ‘घरी ढोरं हायेत, चारापाणी कोन करन?’ ग्रामीण रुग्णालयातून ‘नागपूरले रेफर’ झालं की निम्मं घर नागपूरला हलतं. गडचिरोलीहून नागपूर साधारण 170 किलोमीटर, भामरागडकडच्या माणसाला त्याच्या दुप्पट. मेडिकलमध्ये (नागपुरात मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज, दुसरं मेयो) खाट फुकट मिळेल, पण सोबतच्या दोघांचं जेवण, बाहेरून आणायची औषधं आणि बुडालेली मजुरी यांचं काय? पेरणी, सोयाबीनची सोंगणी, मे महिन्यातला तेंदूपत्ता, पोळा, बाळाची पाचवी, प्रत्येकाची ओढ वेगळी.

ही मजुरीची गोष्ट सरकारला एकदा मान्य करावी लागली होती. मेळघाटातल्या बालमृत्यूंवरून गदारोळ झाल्यावर 1995 मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. कुपोषित मूल दवाखान्यात भरती असेपर्यंत आईबापाला ‘बुडीत मजुरी’ देण्याची तरतूद मेळघाटासारख्या भागांत झाली. सरकारी मराठीत इतका नेमका शब्द क्वचित सापडतो. रक्कम वेळेवर हातात पडते का, हा वेगळा विषय.

सगळ्यात जिवावर बेतणारी घाई फवारणीच्या विषात होते. सेंद्रिय फॉस्फरस गटातलं औषध पोटात किंवा अंगावर गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येतो, बोलतो, चहा मागतो. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण एक ते चार दिवसांच्या दरम्यान काहींची मान ढिली पडते. उशीवरून डोकं उचलत नाही, मग श्वास अडतो. ‘अजून तीन दिवस थांबा’ असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. त्यात विष म्हटलं की एमएलसी (मेडिको-लीगल केस), म्हणजे पोलीस. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली गुन्हा होता. पोलीस जबाब घ्यायला येण्याआधी माणूस घरी न्यावा, हे त्या धास्तीतून घडायचं. मानसिक आरोग्य कायद्याने (2017, लागू 2018) ते कलम बोथट केलं आणि जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत ते राहिलंच नाही. खाकी दिसली की उठायची खेड्यातली सवय मात्र कलमाबरोबर जात नाही.

पैशाची बाजू थोडी हलकी झाली. मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती आणि गडचिरोली होते. पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि अमरावती, यवतमाळ, वर्ध्यासारख्या शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांतले पांढरे रेशनकार्डवाले शेतकरीही तिच्यात आले. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतला केसपेपरसुद्धा 15 ऑगस्ट 2023 पासून फुकट आहे.

पण पैसा नसणं हे एकच कारण असतं, तर गडचिरोलीत वेगळा दवाखाना बांधायची गरज पडली नसती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गोंड माणसांनाच विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मग शोधग्रामात, म्हणजे संस्थेच्या आवारात, झोपड्यांसारखे वॉर्ड उभे राहिले. नातेवाइकांनी पेशंटजवळच राहायचं, आणि नाव दिलं देवीचं, माँ दंतेश्वरी. नवजात बाळांच्या बाबतीत ते आणखी पुढे गेले. आजारी बाळ दवाखान्यात न्यायला आईबाप तयार नसतात, हे ते धरूनच चालले. गावातल्याच बाईला शिकवून जंतुसंसर्गाचं इंजेक्शन घरी द्यायची पद्धत बसवली. अशा 39 गावांत नवजात मृत्युदर इतर गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी घटला, हे 1999 मध्ये छापून आलं. ‘डामा’वरचा इतका खरा उपाय माझ्या पाहण्यात दुसरा नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांची शेवटची वेळ आली, तर डॉक्टरच हळू आवाजात म्हणतात, ‘घरी न्या, सेवा करा.’ कागदावर मात्र सल्ल्याविरुद्धच नेलेलं असतं.

पेशंटला सुट्टी मागण्याचा हक्क आहे आणि बिलासाठी त्याला अडवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत लिहिलं आहे. आपल्या कागदपत्रांवरचा हक्कही तिच्यातच आहे. अंगठा देऊन निघालेल्याच्या हातात डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी पडते का, हे त्या रात्री ड्युटीवर कोण आहे त्यावर ठरतं.